परसांतील भाजीपाला : इतिहासाचें एक उपेक्षित साधन

१

महाराष्ट्रांतील शेतीच्या इतिहासाचा विचार करणाऱ्यांनीं धारा, वतनें, हक्क आणि बाजार यांविषयींचे कागद जितक्या बारकाईनें तपासले आहेत, तितक्या बारकाईनें घरामागील परसाकडे पाहिलेलें नाहीं. याचें कारण उघड आहे. सरकारी दप्तर मुख्यतः वसुलासाठीं लिहिलें जातें. मळ्याचें बागाईत वसुलास पात्र, म्हणून त्याची नोंद होते. परसांतील दोडक्याच्या वेलाची नोंद कोण करणार? दप्तराच्या या मौनावरून असें अनुमान सहज केलें जातें कीं, भाजी पिकविणें हें माळ्याचें काम, कुणब्याच्या घरीं भाकरीबरोबर चटणी किंवा रानांतला पाला एवढेंच असे, आणि घरची भाजीबाग ही अलीकडची नवलाई आहे. हें अनुमान कितपत टिकतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विचारास निमित्त झालें तें पेडगांव. येथें आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. इतिहासाच्या वाचकास पेडगांव म्हटलें म्हणजे भीमेच्या कांठचें, श्रीगोंदें तालुक्यांतील पेडगांव आठवतें. तोच बहादूरगड, इ. स. १६८९ त छत्रपति संभाजीमहाराजांस कैद करून नेलें तें ठिकाण. आमचें पेडगांव तें नव्हे. हें परभणी तालुक्यांतील, मनमाडकडून परभणीस येणाऱ्या लोहमार्गावरील गांव. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत होता. या गांवीं गेल्या फाल्गुनांत कांहीं दिवस राहण्याचा योग आम्हांस आला, आणि एका घरामागचें मोठें परस रोज पाहावयास मिळालें.

२

कवींचा वसंत आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील कुणब्याचा वसंत हे दोन निराळे ऋतु आहेत. कवीस पलाश फुललेला दिसतो. कुणब्यास विहिरीचें पाणी खालीं गेलेलें दिसतें. येथील पाऊस बहुतेक सर्व ज्येष्ठ ते भाद्रपद एवढ्यांत पडून जातो. फाल्गुनांत काळ्या भारी जमिनीस भेगा पडूं लागतात, आणि वैशाखांत ऊन चाळीस अंशांच्या वर जातें. अशा वेळीं नवीन बी जमिनींत घालणें हें साहसच होय. म्हणून वसंतांतील परस हें पावसाळ्यांतील परसाहून वेगळ्या शिस्तीनें चालतें.

ती शिस्त आम्हीं पाहिली ती अशी. माघ सरतां सरतां जमीन खणून तींत कुजलेलें शेणखत मिसळलें जातें. वेलांसाठीं खोल आळीं करतात. गवार, भेंडी, चवळी यांसाठीं लहान वाफे. दोडकें, कारलें व भेंडी यांचें बी रात्रभर भिजवून सकाळीं टोबतात. वांगीं व मिरची यांचीं रोपें आधीं गादीवाफ्यावर तयार करून मग लावतात. मोरीचें पाणी वाहून जाऊं न देतां तें अळवाच्या व केळीच्या बुडाशीं सोडलेलें असतें. भोंवतीं बाभळीच्या काट्यांचें कुंपण, वेलांस मांडव, आणि मांडवाच्या सावलींत कोथिंबीर. पाणी घालावयाचें तें ऊन उतरल्यावर, बुडाशीं, आणि मोजून. फाल्गुनांत रुजलेले वेल पाडव्याच्या सुमारास मांडवावर चढतात, आणि बाजारांत भाजी महाग होते त्या दिवसांत घरीं रोजची सोय होते.

हें सर्व करणारी त्या घरांतील वृद्ध माउली होती. प्रत्येक वेलाचें पहिलें सरस फळ ती तोडीत नसे. त्यास चिंधी बांधून ठेवी. “हें खायाचं न्हाई, बियाचं हाय,” असें तिनें आम्हांस सांगितलें. पिकून वाळल्यावर त्याचें बी काढून राखेंत घोळावयाचें व वाळलेल्या भोपळ्यांत भरून चुलीवरच्या आढ्यास टांगावयाचें, ही तिची पद्धति. हें बी कोठून आलें, असें विचारतां “सासूकडून” असें उत्तर मिळालें. आणि सासूस कोठून, असें विचारतां ती हंसली.

त्या हंसण्याचें उत्तर ग्रंथांत शोधावें, असें आमच्या मनानें घेतलें.

३

पहिला पुरावा वात्स्यायनाच्या कामसूत्रांतील आहे. हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्याच्या नांवामुळें पुष्कळ लोक तो उघडीत नाहींत. परंतु त्यांतील भार्याधिकारिक अधिकरणांत गृहिणीच्या दिनचर्येचें जें वर्णन आहे, तें गृहव्यवस्थेच्या इतिहासाचें अव्वल साधन आहे. गृहिणीनें घराच्या आवारांत हिरव्या भाज्यांचे वाफे करावे, ऊंस, जिरें, मोहरी, ओवा, शेपा अशा जातींच्या वनस्पति लावाव्या, आणि बागेच्या मध्यें विहीर किंवा तळें खणवावें, असें तेथें सांगितलें आहे. पुढें मुळा, पालक, काकडी, वांगें, कोहळा, भोपळा, सुरण, लसूण, कांदा इत्यादि नांवें देऊन, यांचें बी संग्रहीं ठेवावें आणि योग्य काळीं पेरावें, असा स्पष्ट विधि आहे. बी राखणें हें काम तेथें माळ्याकडे दिलेलें नाहीं, गृहिणीकडे दिलेलें आहे, हें विशेष ध्यानांत घेण्यासारखें आहे.

दुसरा पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सीताध्यक्षाच्या प्रकरणाचा. कोणतें पीक कोठें घ्यावें, हें तेथें पाण्याच्या जागेवरून ठरविलें आहे. नदीच्या फेंसाचा मारा बसतो त्या कांठची जमीन वेलफळांस योग्य. पाणी पसरून ओल राहते ती पिंपळी, द्राक्षें व ऊंस यांस. विहिरीच्या भोंवतालची जमीन भाजी व मुळें यांस. आमच्याकडील मोटस्थळाची रचना जुन्या लोकांस आठवत असेल. मोट थारोळ्यांत रिकामी होई, तेथून पाटानें पाणी वाफ्यांकडे जाई, आणि विहिरीजवळचे पहिले वाफे बहुधा भाजीचे असत. नदीच्या वाळवंटांत उन्हाळ्यांत कलिंगडें-खरबुजें लावण्याची चाल आपल्याकडे आहे, तीही या विधानाशीं जुळते.

भाषेचा पुरावाही याच बाजूचा आहे. ‘आळें’ हा शब्द संस्कृत ‘आलवाल’ यापासून आला. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत आश्रमकन्या वृक्षांचीं आलवालें भरीत आहेत. पेडगांवची सून सायंकाळीं घागर घेऊन तेंच करते. मुळा, लसूण, काकडी, कांदा हे शब्द मूलक, लशुन, कर्कटी, कंद यांचे थेट वंशज होत. परक्याकडून अलीकडे घेतलेली वस्तु असे जुने शब्द घेऊन येत नाहीं.

४

परंतु शब्दांवर विसंबण्यांत धोकाही आहे, आणि त्या धोक्यांत आम्ही स्वतः अनेक वर्षें सांपडलों होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. वर्गांत ‘कूष्माण्ड’ म्हणजे भोपळा असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत असूं, आणि मुलें आपापल्या घरचा तांबडा भोपळा डोळ्यांपुढें आणीत. तांबडा भोपळा मूळचा अमेरिकेंतील; सोळाव्या शतकापूर्वीं तो या देशांत असणें शक्य नाहीं. कूष्माण्ड म्हणजे कोहळा. तसेंच वात्स्यायनाच्या यादींतील ‘आलुक’ म्हणजे बटाटा नव्हे. तो कोणता तरी देशी कंद समजला पाहिजे. बटाटाही अमेरिकेचा, आणि त्याचें मराठी नांव पोर्तुगीज भाषेंतून आलेलें आहे. कोबीचें नांवही तेथूनच आलें. मिरची हीही पोर्तुगीजांच्या मार्गानें आलेली. तिच्या आधीं तिखटपणा मिऱ्यांचा, म्हणून मिऱ्यावरून तिचें नांव पडलें. टोमॅटो तर सर्वांत मागाहून आला.

याचा अर्थ असा कीं, आजच्या परसांतील निम्मे रहिवासी वात्स्यायनास ओळखूं आले नसते. मिरचीवांचून मराठवाड्याचें जेवण आज कल्पितां येत नाहीं. पण ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळीं तें मिरचीवांचूनच होत होतें. परसाची परंपरा जुनी म्हणून त्यांतील प्रत्येक भाजी जुनी, असें कोणीं समजूं नये. वाफा जुना, रोप नवें. आणि नवें रोप सामावून घेण्याची शक्ति हेंच या जुन्या वाफ्याचें वैशिष्ट्य होय.

५

वरील पुराव्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कामसूत्र हें नागरकाच्या संपन्न घरासाठीं, अर्थशास्त्र राजाच्या शेतीसाठीं. दोन्ही ग्रंथ ‘करावें’ असें म्हणतात. ‘होतें’ असें म्हणत नाहींत. गोदावरीकांठच्या सामान्य घरास तें कसें लागू करावें?

म्हणून मराठी साधनांकडे वळूं. रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रांत (इ. स. १७१६ च्या सुमारास) गडाच्या स्वच्छतेविषयीं जी आज्ञा आहे, ती येथें मोलाची आहे. गडावरील केरकचरा खालीं टाकूं नये. तो जागजागीं जाळावा, त्याची राख परसांत टाकावी, आणि तीवर घरोघर होतील ते भाजीपाले करवावे, असा तिचा आशय आहे. हीही आज्ञाच, हें खरें. परंतु आज्ञेंतील शब्द पाहावे. गडावरील शिपायी-शागिर्दांच्या घरांस ‘परस’ असणें हें अमात्यानें गृहीत धरलें आहे. राखेचा भाजीस उपयोग होतो, हें तो शिकवीत नाहीं. तें सर्वांस ठाऊक आहे असें समजूनच तो लिहितो. विधीच्या पोटांत असें जें गृहीत असतें, तें त्या काळच्या व्यवहाराचा साक्षीदार असतें. पेडगांवच्या माउलीनें बियास लावलेली राख ही त्याच घराण्यांतली.

परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यांतील जांब येथें १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांचें ‘बागप्रकरण’ हेंही या संदर्भांत पाहण्यासारखें आहे. बागेंत लावावयाच्या झाडांची व वेलींची नांवें त्यांत ओळीनें आलीं आहेत. संन्यस्त वृत्तीच्या पुरुषास एवढीं नांवें मुखोद्गत असावींत, हें त्या काळीं तें ज्ञान किती सार्वत्रिक होतें याचें द्योतक आहे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायांत, माळी नेईल तिकडे निमूट जाणाऱ्या पाण्याचा जो दृष्टांत आहे, तोही पाट आणि वाफा पाहिलेल्या श्रोत्यांसाठींच आहे.

दप्तरांत भाजी दिसते ती मात्र बाजाराच्या वाटेनें. विक्रीस आलेल्या मालांतून मूठभर घेण्याचा ‘फसकी’ हा हक्क प्रसिद्धच आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांस अशा हक्कांचा पसारा परिचित आहे. बाजारांत आलेल्या भाजीवर हक्कदाराची मूठ पडे. घरच्या चुलीवर गेलेली भाजी तीतून सुटे. म्हणून माळ्याची भाजी कागदावर चढली आणि गृहिणीची चढली नाहीं. दप्तराच्या मौनाचा अर्थ अभाव असा न घेतां, सूट असा घेणें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

६

गेल्या साठ वर्षांत या परसाच्या दोन मूळ गोष्टी पालटल्या आहेत: पाणी आणि बी. पैठण येथील जायकवाडी धरणाचें काम १९६५ त सुरू होऊन १९७६ त पुरें झालें, आणि त्याच्या डाव्या कालव्याचें पाणी परभणी जिल्ह्यांत आलें. मोट गेली, पंप आले. बियाच्या बाबतींत परभणीस १९७२ त स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाचा उल्लेख केला पाहिजे. भेंडीवर ‘केवडा’ पडून पानांच्या शिरा पिवळ्या होत आणि पीक हातचें जाई. त्या रोगास दाद न देणारा ‘परभणी क्रांति’ हा वाण या विद्यापीठानें १९८० नंतरच्या दशकांत दिला, आणि तो देशभर गेला. हा सरळ वाण असल्यामुळें त्याचें बी घरीं धरतां येतें. संकरित बियाचें तसें नाहीं. त्याचें बी धरून पेरल्यास पुढील पीक पहिल्यासारखें निपजत नाहीं, म्हणून तें दर वर्षीं विकत घ्यावें लागतें. जेथें बी दर वर्षीं दुकानांतून येतें, तेथें चिंधी बांधलेलें फळ उरत नाहीं; आणि तें फळ गेलें म्हणजे सासूकडून सुनेकडे चालत आलेलें ज्ञानही जातें. अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनीं देशी बियांचा संग्रह करून हें काम जिवंत ठेवलें, आणि त्याबद्दल २०२० सालच्या पद्मश्री पुरस्कारानें त्यांचा गौरव झाला. वात्स्यायनानें गृहिणीवर सोंपविलेलें बीजसंग्रहाचें काम आजही गृहिणीच करीत आहे, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस दिसत नाहीं.

७

एकंदर विवेचनाचा निष्कर्ष असा: (१) घरची भाजीबाग ही अर्वाचीन नवलाई नसून, तिचा विधि निदान सतराशें वर्षांपासून ग्रंथांत आहे, आणि अठराव्या शतकाच्या आरंभीं ती मराठी मुलखांत गृहीत धरली जात होती. (२) तिच्यांतील पिकें मात्र सोळाव्या शतकानंतर मोठ्या प्रमाणांत बदललीं. म्हणून जुन्या नांवांचे अर्थ लावतांना सावधगिरी हवी. (३) दप्तरांत ती दिसत नाहीं याचें कारण ती स्त्रियांच्या हातची, बाजाराबाहेरची व हक्कदाराच्या मुठीपलीकडची होती, हें होय.

जुन्या कागदांच्या शोधासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या अभ्यासकांस आमची एक विनंति आहे. वाड्यांतील रुमाल सोडून पाहतांना घटकाभर वाड्यामागेंही जावें. तेथें कोणत्या भाज्या आहेत, त्यांस त्या गांवीं काय म्हणतात, बी कसें ठेवतात आणि तें कोणाकडून आलें, एवढें टिपून मंडळाकडे पाठवावें. कागदास वाळवी लागली तरी त्याची नक्कल कोठें तरी सांपडण्याची आशा असते. पेडगांवच्या त्या आढ्यास टांगलेल्या भोपळ्यांतील बियाची नक्कल कोठेंही नाहीं. आम्ही निघालों तेव्हां माउलीनें त्यांतील मूठभर दोडक्याचें बी आमच्या हातावर ठेवलें. तें आम्हीं पाडव्यास लावलें असून, पहिल्या सरस फळास चिंधी बांधली आहे.