उषःपान आणि भट्टीची पाळी

नागपूरहून पूर्वेकडे जाणारी रेल्वे दुर्ग ओलांडते आणि थोड्याच वेळात भिलाई येते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात मोडत असे. तेव्हा सोव्हिएत सहकार्याने येथे उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यात मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली, यात नवल नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. माणसांबरोबर घरोघरचे आचारही आले. रात्री तांब्याच्या भांड्यात भरून ठेवलेले पाणी पहाटे पिणे, म्हणजे उषःपान, हा त्यांपैकीच एक.

हा आचार अनादी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जुने ग्रंथ तिला दुजोरा देत नाहीत. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त ब्राह्ममुहूर्तापासून दिनचर्येचा क्रम लावला, त्यात दंतधावन आहे, अभ्यंग आहे, व्यायाम आहे, पण उठताच पाणी पिण्याचा विधी नाही. उलट, ग्रीष्म व शरद हे ऋतू सोडून निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावे, असे त्याचे मत. उषःपानाचे सविस्तर वर्णन मिळते ते उत्तरकालीन ग्रंथांत, विशेषतः सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त. सूर्योदयाच्या वेळी आठ प्रसृती पाणी प्यावे, असे तो सांगतो. प्रसृती म्हणजे आपला पसा. रूढ मानाने हे पाणी पाऊण लिटरच्या आसपास भरते. फळ म्हणून शंभर वर्षांचे आयुष्य सांगितले आहे. पण पोट फुगलेल्याने, उचकी लागलेल्याने, जखमी माणसाने ते पिऊ नये, असा निषेधही तेथेच आहे. फळ लोकांच्या ध्यानात राहिले, निषेध विसरला गेला.

रात्रभर श्वासावाटे व घामावाटे शरीरातील पाणी घटते. सकाळी ते भरून काढणे युक्तच. परंतु त्या घटकेलाच पाण्याला काही निराळा गुण येतो, याला पुरावा नाही. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याचे तर पहाटेच्या तांब्याभर पाण्याने मुळीच भागत नाही. पाळी संपेपर्यंत घाम वाहतच असतो आणि त्याबरोबर मीठही जाते. नुसतेच पाणी पीत राहिल्यास स्नायूंत पेटके येतात. ब्रिटनमधील के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये कोळशाच्या खाणीतील कामगारांविषयी हेच दाखवून दिले आणि पाण्यात थोडे मीठ घालण्याचा उपाय सुचविला. सोव्हिएत रशियातील पोलाद कारखान्यांत तप्त विभागांतील कामगारांना मीठ घातलेले सोडावॉटर देण्याची पद्धत पडली, ती याच कारणाने. (घरी पंख्याखाली बसणाऱ्याने मात्र तिचे अनुकरण करू नये.)

आणि भिलाईच्या घरातला तो तांब्या भरतो कोठून? तांदुळा नदीवरचा जलाशय विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला, तो भातशेतीसाठी. पुढे त्याचे पाणी कालव्याने मरोद्याच्या तलावात येऊन कारखान्याला मिळू लागले. नंतर महानदीवरील गंगरेल धरणाचीही भर पडली. भाताच्या शेताला, तापलेल्या यंत्रांना आणि घरातल्या तांब्याला पाणी एकाच साठ्यातून द्यायचे असते. पाऊस कमी झाला, की आधी कोणाला, हा प्रश्न उभा राहतो.