पसरणी घाटाचा चढ बैलासाठी मोजलाय

गेल्या रविवारी सकाळी पसरणीत चहाला थांबलो होतो. रात्री वाईत मुक्काम करून निघालेला पुण्याचा सायकलवाल्यांचा घोळका तिथंच टेकला. दहा-बारा जण, चकचकीत जर्सी, हँडलला मोबाईल. त्यातल्या एका मुलीनं टपरीवाल्याला विचारलं, "काका, पुढचा घाट फार कडक आहे का हो?" काकांनी गाळणी झटकली आणि म्हणाले, "अगं बाळा, ह्या घाटानं भरल्या बैलगाड्या चढायच्या. तुला काय होतंय?"

सगळे हसले. मी पण हसलो. पण घरी येऊन हिशेब मांडला, तेव्हा काका बोलले ते अगदी शब्दाला शब्द खरं निघालं.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७१८ मीटरवर. पाचगणी १२९० मीटरच्या आसपास. मधलं अंतर १२ किलोमीटर. म्हणजे पावणेसहाशे मीटरचा चढ १२ किलोमीटरवर पसरलाय. दर २० फुटांना साधारण १ फूट. जुन्या घाटरस्त्यांचं गणित हेच असायचं, कारण ओझं लादलेली बैलजोडी न थांबता जेवढं ओढू शकते तेवढाच चढ द्यायचा. त्याहून जास्त दिला की बैल गुडघे टेकतो, गाडी मागं येते. आता गंमत बघा, माणसाच्या पायांचंही तसंच आहे. पाच टक्क्यांच्या चढावर बऱ्यापैकी सराव असलेला माणूस लहान गिअर टाकून एका लयीत चढत राहतो. दहा टक्क्याला तोच माणूस उतरून सायकल ढकलतो. आज आपण ज्याला 'सायकल टुरिंगचा फेमस रूट' म्हणतो, तो बैलासाठी आखलेला आहे.

त्याआधी काय होतं? त्याआधी वाटा होत्या, रस्ते नव्हते. १६५९ मध्ये अफजलखान वाईत तळ टाकून होता. इथून तो जावळीत उतरला तो रडतोंडीच्या घाटानं, पारला. नावातच सगळं आलं. हत्ती, तोफा, उंट घेऊन त्या उतारावर फौजेचे काय हाल झाले असतील, ते ज्यानं ती वाट पायी केलीय त्यालाच कळेल. ही वाट माणसाची आणि फार तर पाठीवर ओझं घेतलेल्या बैलाची. चाकाची नव्हे.

चाकाचा रस्ता वर न्यायला निमित्त झालं हवा खायचं. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा प्रतापसिंह महाराज होते. साताऱ्याहून महाबळेश्वरला चांगला रस्ता बांधून काढला तो महाराजांनी, हे आपण लोक विसरतो. पुढं मुंबईचा गव्हर्नर माल्कम आला, १८२९ मध्ये तह झाला, महाराजांनी ती जागा कंपनी सरकारला दिली आणि बदल्यात खंडाळा घेतला. पेठेला नाव लागलं माल्कम साहेबाचं. रस्ता बांधणाऱ्या राजाचं नाव रस्त्याला नाही!

आणि हातानं काम केलं त्यांचं तर कुठंच नाही. १८३४ च्या सुमारास महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. समुद्रापलीकडून आणलेली ही माणसं थंडीत-धुक्यात भाजीचे मळे पिकवायची, आणि वरच्या रस्त्यांवरही त्यांना राबवलं गेलं. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. आज महाबळेश्वरात सायकल चालवताना त्या सावलीतल्या वळणांचं कौतुक जरूर करा, फक्त ती वळणं कुणाच्या घामाची आहेत तेही डोक्यात असू द्या.

साहेब लोक सुरुवातीला मुंबईहून बोटीनं बाणकोटला, तिथून सावित्रीच्या खाडीनं दासगाव-महाडकडं यायचे आणि पुढं पालखी-डोलीनं घाट चढायचे. १८७० च्या दशकात पोलादपूरकडून आंबेनळीचा घाट चाकासाठी खुला झाला. त्याला साहेबानं फिट्झगेराल्ड घाट म्हटलं, आपण आंबेनळीच म्हणतो. समुद्राच्या पातळीजवळून चौदाशे मीटरपर्यंत नेणारा हा घाटही असाच निवांत वळणांचा. मग १८८० च्या दशकात इकडं रेल्वे आली आणि सगळी चाल बदलली. मुंबई-पुण्याचा पाहुणा वाठार स्टेशनला उतरायचा, तिथून टांगा. वाठार ते महाबळेश्वर ४० मैल, वाटेत वाई आणि पाचगणी. घाट चढायचा म्हणजे घोड्याला दम हवा, पाणी हवं, सावली हवी. सुरूर-वाई रस्त्यावरच्या त्या वडांच्या रांगा आठवा. ती शोभेची झाडं नव्हती, तो रस्त्याचाच भाग होता. डांबर जसं रस्त्याचा भाग आहे तसा.

सायकल आमच्याकडं आली ती पर्यटनासाठी नाही. पोस्टमन, पेपरवाले, दूधवाले, शिक्षक. दोन्ही बाजूला किटल्या अडकवून पहाटे मेणवलीकडून वाईत येणारे दूधवाले मी लहानपणी पाहिलेत. शहरांतून तर सायकलवर कर होता, बिल्ला लावावा लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा. आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या आसपास, तासावर भाड्यानं सायकल मिळायची. एक तास घेऊन मेणवलीच्या घाटावर जायचं, नाना फडणवीसांच्या वाड्यामागं नदीत पाय सोडून बसायचं आणि उशीर झाला म्हणून दुकानदाराच्या शिव्या खायच्या. 'स्वदेस' सिनेमानं तो घाट जगाला दाखवला, आम्ही आधीच पाहिला होता!

मेणवलीच्या पुढं धोम. इथं कृष्णेच्या खोऱ्याचा इतिहास पाण्याखाली आहे. १९७० च्या दशकात धरण उभं राहिलं, साडेतेरा टीएमसीच्या आसपास पाणी साठायला लागलं. गावं उठली, कुणी वर सरकलं, कुणी लाभक्षेत्रात गेलं. नदीकाठची जुनी गाडीवाट बुडाली. जलाशयाच्या कडेनं जोरच्या बाजूला जाणारा आजचा रस्ता त्यानंतरचा. सायकलवाल्यांना तो फार आवडतो. एका हाताला पाणी, समोर कमळगड, गाड्या जवळजवळ नाहीत. पण त्याचे चढ-उतार पसरणीसारखे मायाळू नाहीत. तो रस्ता डोंगराच्या कडेला जागा मिळेल तसा काढलाय. पोटऱ्यांना फरक लगेच कळतो. मांढरदेवीच्या घाटालाही तेच. हायवे आणि खंबाटकी टाळायची म्हणून पुण्याची मंडळी कापूरहोळ, भोर, मांढरदेवी करून वाईत उतरतात. तो चढून आलेला माणूस वाईच्या चौकात मिसळीवर कसा तुटून पडतो ते बघण्यासारखं असतं.

ज्यांना मोठा फेरा मारायचाय त्यांनी वाई, पाचगणी, महाबळेश्वर, केळघर, मेढा, सातारा आणि पाचवडमार्गे परत वाई असा करावा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कृष्णेच्या खोऱ्यातून चढायचं आणि वेण्णेच्या खोऱ्यातून उतरायचं. मध्ये भिलारला थांबून पुस्तकं चाळा, स्ट्रॉबेरी खा. या दोन्ही नद्या खाली माहुलीला भेटतात, तुम्ही वरून त्यांच्याबरोबरच आलेले असता.

आता मुद्द्यावर येतो. हा बैलाचा रस्ता आपण आता कुणासाठी मोजतोय?

लाँग वीकेंडला पसरणी घाटात काय होतं ते सांगायला नको. बुवासाहेबांच्या मंदिरापासून गाड्यांची रांग. उपाय म्हणून प्रत्येक वेळी एकच शब्द ऐकू येतो, रुंदीकरण. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. ॲम्ब्युलन्स अडकलेली मी पाहिलीय. पण रुंदीकरण म्हटलं की पहिली कुऱ्हाड वडांवर आणि पहिली काटछाट साईडपट्टीवर, हे काही पटत नाही. डांबराचा थर वर थर चढतो, कडेला वीतभर पायरी तयार होते. मागून टेम्पोनं हॉर्न मारला की सायकलवाला खाली उतरणार कुठं? दोन वर्षांपूर्वी माझा एक मित्र असाच त्या पायरीवरून घसरला. खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने घरी. ज्यानं रस्ता केला त्या ठेकेदाराचं बिल तोवर निघालं होतं.

आणि हे फक्त जर्सीवाल्यांचं दुखणं नाही. ते रविवारी येतात, सोमवारी परत जातात. रोज त्याच कडेनं शाळेला जाणारी पोरं आहेत, रात्रपाळी करून येणारा वॉचमन आहे. त्यांच्याकडं ना हेल्मेट, ना मागं लुकलुकणारा लाल दिवा. 'सायकल पर्यटन वाढवू' असं भाषणात बोलणाऱ्यांनी आधी या लोकांची साईडपट्टी रस्त्याच्या पातळीला आणावी. मुरूम आणि रोलर लागतो, परदेश दौरा लागत नाही. वडांच्या बाबतीत तर जागा आहे तिथं झाडं मध्ये ठेवून दोन्ही अंगांनी रस्ता नेता येतो. इतर ठिकाणी केलाय लोकांनी.

रस्त्याच्या कामाचा आराखडा हा सार्वजनिक कागद आहे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय, साईडपट्टीची रुंदी आणि झाडांची यादी एवढंच मागणार आहे. मिळालं की इथंच टाकतो. तोवर एक विनंती. कुणाच्या घरी सायकलचा जुना बिल्ला, वाठारच्या टांग्यांचा फोटो, धोमच्या बुडालेल्या वाटेची काही आठवण असेल तर कमेंटमध्ये लिहा. विशेषतः धोमची. ती वाट चाललेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.