अक्षरी रुपये फक्त

माझा आकड्यांवर विश्वास आहे. एक तर मी बी.कॉम. आहे, दुसरं म्हणजे बँकेत कारकून आहे, आणि तिसरं म्हणजे माझा पगार आकड्यांत येतो. तो कौतुकाच्या शब्दांत येत असता तर एव्हाना माझा बंगला झाला असता. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात राहून आणि वीसएक वर्षं लोकांचे पैसे मोजून मला एवढंच कळलं, की आकडा बिचारा साधा असतो. पाच म्हणजे पाच. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, साहेब रजेवर असले तरी पाच.

कायद्याला मात्र हे मान्य नाही. १८८१ साली इंग्रज सरकारनं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट नावाचा कायदा केला. (हे नाव न अडखळता म्हणणाऱ्याला कॉमर्सची निम्मी डिग्री तिथंच देऊन टाकावी.) त्याचं कलम १८ असं सांगतं, की चेकवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरीच लिहिलेली असेल, तर अक्षरातली खरी धरायची. हा कायदा आजही जिवंत आहे. त्यामागचा विचारही चुकीचा नाही. पाचशेच्या पुढं एक शून्य काढायला अर्धा सेकंद पुरतो, पण ‘पाचशे’ या अक्षरांचं ‘पाच हजार’ करायला चांगलाच कलाकार लागतो. आम्ही बँकवाले त्याहून शहाणे. आम्ही आकड्यावरही विश्वास ठेवत नाही आणि अक्षरावरही ठेवत नाही. ‘शब्द व आकडा जुळत नाहीत’ अशी चिठ्ठी लावून चेक परत पाठवतो.

पण माझा प्रश्न वेगळाच आहे. ज्या इंग्रजांनी आकड्यापेक्षा शब्दाला मोठं केलं, त्यांचे स्वतःचे मापाचे शब्द तरी भरवशाचे आहेत काय? मी जरा खोलात गेलो आणि हादरलो.

‘व्हेरी’ हा शब्द घ्या. शाळेत आपण ‘फार’ असा अर्थ पाठ केला. मुळात तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘खरा’. म्हणजे ‘व्हेरी गुड’ हे ‘खरोखर चांगलं’ होतं. लोक प्रत्येक गोष्टीला ‘खरं’ म्हणू लागले, आणि शब्दातला खरेपणा झिजून नुसतं ‘फार’ उरलं. ‘सून’ म्हणजे लवकर. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘ताबडतोब’. ताबडतोबचं लवकर कसं झालं हे ज्यानं एकदा तरी सरकारी कचेरीत अर्ज दिला आहे त्याला सांगायला नको. ‘रादर’ म्हणजे मुळात ‘आधी’. ‘प्रिटी’ म्हणजे मुळात ‘लबाड’. मग तो शब्द सुंदर झाला, आणि सोळाव्या शतकापासून ‘बऱ्यापैकी’ असाही झाला. लबाड ते सुंदर ते बऱ्यापैकी, ही एका शब्दाची कारकीर्द. काही माणसांचीही असते, पण ती उलट क्रमानं.

सगळ्यात घातकी ‘क्वाइट’. त्याचा मूळ अर्थ ‘पूर्णपणे’. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तो घसरत घसरत ‘ठीकठाक’पर्यंत आला. अमेरिकेत मात्र तो अजून ‘चांगलाच’ या अर्थाकडं झुकतो. म्हणजे ‘युवर वर्क इज क्वाइट गुड’ हे अमेरिकन साहेब म्हणाला तर पेढे वाटावेत, इंग्रज म्हणाला तर बदलीची तयारी ठेवावी. आणि आपला साहेब म्हणाला तर शनिवारी कामावर बोलावणार आहे असं समजावं.

बरं, हे झाले हवेतले शब्द. तराजूवरचे तरी सरळ असतील? ‘हंड्रेडवेट’ म्हणजे शब्दशः शंभराचं वजन. इंग्लंडात ते ११२ पौंडांचं! ‘बिलियन’ची गंमत तर ऐकाच. अमेरिकेत एकावर नऊ शून्यं, म्हणजे आपला अब्ज. इंग्लंडमध्ये एकावर बारा. शेवटी डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी पार्लमेंटात सांगितलं, की यापुढं सरकारही नऊच शून्यं धरील. तीन शून्यं एका उत्तरात गेली. आमच्याकडं दिवसाच्या हिशेबात तीन रुपये कमी पडले तर रात्री आठपर्यंत कोणी घरी जात नाही.

आपण फार हसू नये. आपला शेर आणि मण तरी कुठं एक होता? बाजार बदलला की मण बदलायचा. अखेर सरकारनं १९५६ साली मापांचा कायदा केला, १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्यानं आला आणि १९६२ साली तो वजनाला सक्तीचा झाला. त्याआधी १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तारीखही अशी निवडली की निम्म्या लोकांना ती थट्टा वाटली असेल. पण शब्द चिवट असतो. आणा गेला, तरी पिकाची ‘आणेवारी’ लोकांच्या तोंडातून गेली नाही. सरकार कागदावर ‘पैसेवारी’ लिहितं. ती पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. बाजारात पन्नास पैशांना कोणी विचारत नाही, पण शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्यावर तोललं जातं.

तसाच एक चिवट शब्द आमच्या खानदेशच्या कापसाचा: खंडी. इंग्रजांना ‘खंडी’ म्हणता येईना, त्यांनी तिची ‘कँडी’ केली. मुंबईच्या कापूसबाजारातली ही कँडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६२ किलोची. किलो येऊन साठ वर्षं उलटली, तरी रुईचा भाव आजही कँडीवरच बोलतात. आणि ‘कॉटन कँडी’ म्हणजे अमेरिकेत काय? आपण जत्रेत ज्याला बुढ्ढी के बाल म्हणतो, तो साखरेचा गुलाबी कापूस! उद्या इथला एखादा रुईवाला अमेरिकेत गेला आणि पोरानं ‘कॉटन कँडी’ मागितली, तर तो बिचारा साडेतीन क्विंटल रुईची जुळवाजुळव करायला लागेल.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. पण कापसाला प्रतही लावावी लागते, आणि प्रतीचे शब्दही इंग्रजांनी ठेवलेले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाकडं तोंड वळवलं. तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये तो कोसळलाही. त्या व्यापारातल्या पायऱ्या बघा: ‘गुड’, ‘फुली गुड’, ‘फाइन’, ‘सुपरफाइन’. त्यात एक ‘फुली गुड फेअर’ही असे, म्हणजे ‘पूर्ण चांगलं बरं’! अमेरिकन कापसाला ‘स्ट्रिक्ट लो मिडलिंग’ म्हणत. शिस्तीत, खालच्या दर्जाचं, मध्यम. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मास्तरांना हेच लिहायचं होतं, इंग्रजी कमी पडलं.

त्यातला ‘फेअर’ अजून गेलेला नाही. सरकारी हमीभाव मिळतो तो ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’च्या मालाला. आता ‘फेअर’ म्हणजे काय? लग्नाच्या जाहिरातीत गोरी. दत्तजयंतीला सारंगखेड्याला भरते ती घोड्यांची यात्रा, तीही फेअर. कोर्टात न्याय्य. आणि मालाच्या बाबतीत ‘बरा, चालेल असा’. शेतकरी हमीभावाच्या फलकावर ‘फेअर’ वाचतो आणि त्याला वाटतं, न्याय होणार. तोलणारा त्याच शब्दात ‘बरा’ वाचतो. सुदैवानं कापसाच्या बाबतीत या शब्दाखाली आकडे ठेवले आहेत. ओलावा आठ टक्के असला तर पूरा भाव. त्यावर टक्क्याटक्क्यानं कात्री. बाराच्या वर गेला की सरकारी खरेदी नाही. म्हणजे ‘फेअर’चा अर्थ शेवटी आठ आणि बारा यांच्या मधे कुठंतरी. पहाटे दव पडलं आणि गाडी उघडी राहिली, की न्यायाचं रूपांतर ‘बरा’मध्ये आणि ‘बरा’चं ‘परत न्या’मध्ये व्हायला वेळ लागत नाही.

माझ्या टेबलावरचे शब्दही याच जातीचे. ‘मार्जिनल फार्मर’ म्हणजे एक हेक्टरपर्यंत, सुमारे अडीच एकर जमीन असलेला. ‘स्मॉल फार्मर’ म्हणजे एक ते दोन हेक्टरवाला. मार्जिनलचं मराठी केलं ‘सीमांत’. आमचा नंदुरबार जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेशाला लागून. त्यामुळं सीमांत शेतकरी म्हटलं, की लोकांना वाटतं सरहद्दीवर शेत असणारा. एकानं तर मला विचारलं, ‘‘आम्ही गुजरातपासून लांब, आम्हांला कसं मिळंल कर्ज?’’

दुसऱ्या फायलीत ‘मायक्रो’, म्हणजे ‘सूक्ष्म’ उद्योग असतो. सूक्ष्म म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अशी माझी विज्ञानाच्या तासापासूनची समजूत. १ एप्रिल २०२५ पासून या सूक्ष्माची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपये आणि वार्षिक उलाढालीत दहा कोटी. बघा योग कसा आहे: अडीच एकरवाला सीमांत आणि अडीच कोटीवाला सूक्ष्म! एक मोटारसायकल झाडाखाली लावून येतो, दुसऱ्याच्या गाडीला आमच्या दारात जागा पुरत नाही. फायलीत मात्र दुसरा पहिल्यापेक्षा बारीक दिसतो. या शब्दांवर नुसती गंमत चालत नाही. कोणाला किती कर्ज, किती व्याजात सूट, कोणत्या योजनेत नाव, हे सगळं त्यांवर ठरतं.

इंग्रजी शब्दांनी आमच्या लोकांना इतकं फिरवलं, तर लोकांनीही त्यांना सोडलेलं नाही. लोणखेड्याच्या चौकात ‘मॅक्झिमम लोक आले होते’ म्हणजे ‘बहुतेक लोक आले होते’. ‘मिनिमम दोन तास लागतील’ म्हणजे चार. ‘ऑलमोस्ट झालंय’ म्हणजे अजून हात लागलेला नाही. आणि ‘जस्ट निघालोय’ म्हणणारा आंघोळीला गेलेला असतो. इकडं अहिराणीत ‘मोप’ म्हटलं की झालं. मोप म्हणजे मोप. त्याला ना टक्का लागतो, ना परिपत्रक.

या सगळ्या गोतावळ्यात आमच्या बँकेचा लाडका शब्द एकच: ‘ओन्ली’. तोही कमी फिरलेला नाही. मुळात ‘एक’ या शब्दापासून निघालेला. एकुलत्या पोरालाही ओन्ली आणि एकुलत्या आशेलाही. आपण त्याचा ‘च’ केला. ‘मी इथंच आहे’चं ‘आय ॲम हिअर ओन्ली’ असं सरळ भाषांतर करून आपले लोक मोकळे होतात. चेकवर तो रकमेच्या शेवटी बसतो, पुढं कोणी काही घुसडू नये म्हणून. मराठीत आपण ‘फक्त’ लिहितो, नाहीतर ‘मात्र’. आता संस्कृतात ‘मात्र’ म्हणजे ‘एवढंच’, पण बोलण्यात ‘मात्र’ म्हणजे ‘परंतु’. ‘आपणांस रुपये पन्नास हजार मात्र’ असं वाचलं की अनुभवी कर्जदार पुढचं वाक्य शोधू लागतो. बँकेचं आहे म्हणजे पुढं ‘परंतु’ असणारच.

मध्ये एक आबा पीककर्जाच्या कागदावर सही करायला आले होते. सावकाश, एकेक अक्षर लावत त्यांनी रक्कम वाचली आणि शेवटच्या शब्दाशी थांबले. म्हणाले, ‘‘पन्नास हजारले फक्त म्हणतस का भाऊ तुम्ही? माले फेडाले दोन साल लागतीन.’’

मी त्यांना समजावलं, की आबा, हा ‘फक्त’ रक्कम लहान आहे असं सांगत नाही; पुढची जागा बंद करतो, तुमच्याच रक्षणासाठी. ते पटल्यासारखी मान हलवून त्यांनी सही केली. पण त्यांचं म्हणणं काही माझ्या डोक्यातून जाईना. मापाचा शब्द वस्तू मोजत नाही, मोजणाऱ्याचा खिसा मोजतो. पन्नास हजार हा आकडा दोघांना सारखाच. तो ‘फक्त’ आहे की ‘मोप’ आहे, हे फेडणाऱ्यालाच ठाऊक.

१८८१ च्या कायद्यानं अक्षराला आकड्याहून मोठं केलं ते लबाडी अडवायला. ते बरोबरच आहे. त्यावर माझी नोकरी चालते. पण आबांनी लावला तो अर्थ त्या कायद्यात कुठं बसत नाही, आणि त्यासाठी चेकावर रकानाही नाही. तोपर्यंत आम्ही लिहीत राहू: अक्षरी रुपये अमुक हजार फक्त. आणि आबांसारखे लोक हप्ता भरायला येतील तेव्हा, शेवटची चुरगळलेली नोट काउंटरवर सरळ करत, तोच शब्द आम्हांला परत करतील: ‘‘इतकंच शे भाऊ, फक्त.’’