तेलाचे थेंब आणि टिपणवही



महाविद्यालयांत असतांना मीं लंबकाचा प्रयोग केला होता. गुरुत्वत्वरणाचें मूल्य ९८१ च्या जवळपास यावयास हवें हें ठाऊक होतें. माझें आलें ९४०. मग जर्नल लिहितांना उत्तरापासून उलटें गणित करून मीं वेळेचे आंकडे बसविले आणि त्यावर सहीही मिळविली. शास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येकास ही विद्या परिचयाची आहे. तिला लबाडी म्हणावें असें त्या वयांत फारसें कोणास वाटत नाहीं. म्हणून संशोधनाची नीति शिकविण्याची वेळ आली तेव्हां मीं उपदेश बाजूस ठेवला आणि विद्यार्थ्यांपुढें एका थोर शास्त्रज्ञाची टिपणवही ठेवली. त्या वहीचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

रॉबर्ट मिलिकन हे शिकागो विद्यापीठांत पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. इलेक्ट्रॉनवरील विद्युद्भार मोजण्याचा ध्यास त्यांनीं घेतला होता. धातूच्या दोन आडव्या तबकड्यांमध्यें तेलाचा अतिसूक्ष्म थेंब सोडावयाचा; तो स्वतःच्या वजनानें किती वेगानें खालीं येतो आणि विद्युद्दाब देतांच किती वेगानें वर चढतो, हें लहानशा दुर्बिणींतून पहात मोजावयाचें. या दोन वेगांवरून थेंबावरील भार निघतो. तो नेहमीं एकाच परिमाणाच्या पूर्ण पटींत असतो, असें मिलिकन यांचें म्हणणें होतें. व्हिएन्नाचे फेलिक्स एरेनहाफ्ट १९१० पासून याच्या उलट प्रतिपादूं लागले. त्याहून लहान भार आपणांस आढळतात, असा त्यांचा दावा होता. वाद चांगलाच कडवा झाला.

१९१० च्या प्रारंभीं पाण्याच्या थेंबांवरील निबंधांत मिलिकन यांनीं केलेली एक गोष्ट मला फार आवडते. आपल्या निरीक्षणांना त्यांनीं गुणानुक्रमें तारका दिल्या. जें निरीक्षण अधिक विश्वसनीय, त्याला अधिक तारका. कांहीं निरीक्षणें आपण वगळलीं हेंही त्यांनीं उघड सांगितलें. असें सांगून केलेली निवड दोषास्पद नव्हे. १९१३ च्या सुप्रसिद्ध निबंधांत मात्र तारका गेल्या. तेथें ५८ थेंबांचा तक्ता आहे. आणि हे थेंब निवडलेले नव्हेत, लागोपाठ ६० दिवसांत तपासलेले सर्व थेंब हेच होत, अशी ग्वाही आहे.

टिपणवह्या त्या ग्वाहीस दुजोरा देत नाहींत. इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनीं १९७८ सालीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि न छापलेले कित्येक थेंब उजेडांत आले. पानांवर मिलिकन यांचे शेरे आहेत: हा सुंदर थेंब छापावा, येथें कांहीं तरी चुकलें, अशा आशयाचे. कांहीं थेंबांचीं मापें अपुरीं होतीं हें खरें. परंतु सर्वांचीच तशी गत नव्हती. पुढें अ‍ॅलन फ्रँकलिन यांनीं वगळलेल्या थेंबांचें गणित करून दाखविलें कीं, ते धरले असते तरी मूल्य जवळजवळ तेंच राहिलें असतें, केवळ अनिश्चितता थोडी वाढली असती. मिलिकन यांचें मूल्य आजच्या मानानें शेंकडा अर्ध्याहून किंचित् अधिक कमी भरतें. त्याचें मुख्य कारण, हवेच्या चिकटपणाचा आंकडा चुकीचा धरला गेला, हें आहे.

मग बिघडलें काय? वर्गांत हा प्रश्न हटकून येतो. माझें मत असें कीं, उत्तर बरोबर आल्यानें ग्वाही खरी होत नाहीं. एरेनहाफ्ट चुकले होते. तरीही, कोणते थेंब गाळले हें जाणण्याचा त्यांना अधिकार होता. सर्वांस हें मान्य नाहीं. मिलिकन १९२१ पासून कॅलिफोर्नियांतील ज्या तंत्रविज्ञान संस्थेचे धुरीण होते, तेथेंच पुढें डेव्हिड गुडस्टाईन यांनीं जेम्स वुडवर्ड यांच्यासह संशोधननीतीचा अभ्यासक्रम शिकविला; आणि त्याच गुडस्टाईन यांनीं मिलिकन यांचा सविस्तर बचाव लिहिला आहे. विद्यार्थ्यांस मीं दोन्ही बाजू वाचावयास देतों.

दुसरी गोष्ट अधिक टोचणारी आहे. पाण्याचा थेंब पाहतां पाहतां वाळून जातो. त्या जागीं तेल वापरून प्रयोग प्रथम उभा केला तो हार्वे फ्लेचर या विद्यार्थ्यानें. अत्तर उडविण्याचा फवारा आणि घड्याळांत घालावयाचें तेल विकत आणून आपण तो मांडला, असें फ्लेचर सांगतात. निबंध तयार झाल्यावर एके दिवशीं मिलिकन त्यांच्या घरीं आले. फ्लेचर त्या वेळीं तान्ह्या मुलास संभाळीत होते. पदवीसाठीं छापील निबंध द्यावयाचा तर त्यावर विद्यार्थ्याचें एकट्याचेंच नांव असावें, असा विद्यापीठाचा नियम होता. मिलिकन यांनीं सुचविलें कीं, तेलाच्या थेंबांवरील पहिला निबंध माझ्या एकट्याच्या नांवें जावा, आणि ब्राउनीय गतीवरील तुमच्या एकट्याच्या. फ्लेचर यांस पहिल्यावर दोघांचींही नांवें येतील अशी आशा होती. त्यांनीं रुकार दिला. १९११ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९२३ चें नोबेल पारितोषिक मिलिकन यांस एकट्यांस मिळालें.

फ्लेचर पुढें श्रवणविज्ञानांत मोठे झाले. ही हकीकत त्यांनीं लिहून एका मित्राच्या स्वाधीन केली, आणि आपल्या मृत्यूनंतरच ती छापावी असें सांगितलें. ते १९८१ सालीं वारले. पुढच्या वर्षीं ती प्रसिद्ध झाली. मिलिकन त्यापूर्वींच, १९५३ सालीं, निवर्तले होते. तींत गुरूविषयीं कडवटपणा नाहीं. उलट, विद्यार्थिदशेंत मिलिकन यांनीं आपणांस केलेल्या साहाय्याचा फ्लेचर यांनीं कृतज्ञतेनें उल्लेख केला आहे.