नाव नाही, की शोध थांबला?

माहीमला टपालवाल्याला पत्ता विचारावा लागत नाही, हा आमच्या आळीचा जुना अभिमान. त्यामुळे गेल्या वर्षी जे घडले ते मनाला फार लागले. शेजारच्या वहिनींना यजमानांच्या नोकरीचा दाखला हवा होता. कचेरीतल्या कारकुनाने संगणकावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि सांगितले, "नाव नाही." तीस वर्षे जिथे खर्डेघाशी केली, तिथे नाव नाही! दोन खेपा झाल्या. वहिनी बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांच्या देव्हाऱ्यात दिवा लागला नाही.

माझा भाचा संगणकाच्या धंद्यातला. त्याने एवढेच विचारले, "मामा, यंत्र 'नाही' म्हणाले, की 'थांबलो' म्हणाले?"

वाचकहो, या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी १८७८ साली दूरध्वनीधारकांची पहिली यादी निघाली. एका पुठ्ठ्यावर अवघी ५० नावे! तिथे शोधायचे ते काय? मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली आले आणि पुढे याद्यांचे जाडजूड ग्रंथ झाले. नावे वाढली की नुसती यादी पुरत नाही, उतरंड लागते. आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली पिनकोड दिला, तो अशीच उतरंड आहे. माहीमचा ४०००१६ घ्या : पहिला ४ विभागाचा, ४०० मुंबईचा, शेवटचे १६ आमच्या टपालकचेरीचे. पत्र शोधत शोधत खाली उतरते.

संगणकांसाठी अशीच उतरंडीची सूची १९८८ साली 'एक्स-५००' या नावाने ठरली. पण ती फार अवजड. लहान यंत्रांना पेलेना. म्हणून १९९३ साली 'एलडॅप' हा तिचा हलका अवतार आला. त्यामागे मिशिगन विद्यापीठातले टिम हाउज प्रमुख होते. १९९५ साली त्यांनी आणि मार्क स्मिथ यांनी आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी तयार फलनांचा संच प्रसिद्ध केला.

त्यातली खुबी अशी. शोध कुठून सुरू करायचा आणि किती खोल जायचे, हे दर खेपेला सांगायचे. बाकीच्या अटी मात्र आधीच नेमून ठेवायच्या. किती नावे आणावीत? किती सेकंद थांबावे? 'बंडू' या टोपणनावाखाली 'खरे नाव अमुक पाहा' अशी खूण असेल, तर तिचा माग काढावा का? त्याला चार उत्तरे : कधीच नाही, शोधताना, आरंभस्थान गाठताना, किंवा सदैव. दुसऱ्या सूचीकडे बोट दाखवले, तर तिकडे जावे का? प्रारंभी या अटी थेट रकान्यांत लिहीत. पुढे त्यासाठी दोन फलने आली : 'सेट-ऑप्शन' अट नेमणारे आणि 'गेट-ऑप्शन' नेमलेली अट वाचून दाखवणारे.

नावांच्या अटीत शून्य लिहिले, तर 'मर्यादा नाही' असा अर्थ. पण इथेच गोम आहे! ही मर्यादा मागणाऱ्याची झाली. देणाऱ्याची निराळी असते. ओपन-एलडॅपचा सेवक मुळात ५०० नावांवर थांबतो, मायक्रोसॉफ्टचा १००० वर. थांबताना तो ४ हा आकडा पाठवतो : 'मर्यादा ओलांडली, आणखी आहेत.' वेळ संपली तर ३. मुळात जागाच नसेल तर ३२. एवढा प्रामाणिक निरोप! पण आज्ञावली लिहिणाऱ्याने तो पडद्यावर दाखवलाच नाही, तर कारकुनाला अर्धी यादी पुरी वाटते.

भाचा वहिनींबरोबर कचेरीत गेला. सारी यादी उघडण्याऐवजी त्याने त्यांच्या यजमानांच्या खात्यापासून शोध सुरू करायला लावला आणि आडनाव घालायला सांगितले. पडद्यावर नाव आले. कारकून ओशाळला, पण दोष त्याचा एकट्याचा नव्हता. पुरी यादी हवी असेल तर ती पानापानाने मागण्याची सोयही १९९९ सालापासून आहे; ती कोणी वापरली नव्हती, इतकेच.

यंदा वहिनींकडची पणती आमच्या आधी लागली. त्यांनी फराळाचे ताट पाठवले, त्यात भाच्यासाठी करंज्या निराळ्या बांधलेल्या. आणि मी एक धडा गाठीला बांधला. कुणी 'नाही' म्हटले, की विचारावे : बाबा रे, पुरते शोधलेस, की थकून थांबलास?