न शोधतां सांपडलेलें

वसमतच्या मोंढ्यांत हळदीचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाची आपण कल्पना करूं. त्याच्या छातींत दुखूं लागतें. गांवचे डॉक्टर त्याला नांदेडला पाठवितात, आणि तेथें सल्ला मिळतो कीं, हृदयाचा सी.टी. स्कॅन करून घ्यावा. अहवाल येतो. ज्याची भीति होती तें कांहींच निघत नाहीं. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या, ज्यांना डॉक्टर मंडळी कॉरोनरी म्हणतात, त्या मोकळ्या आहेत. परंतु अहवालाच्या अखेरीस एक ओळ असते : एका रोहिणीचा कांहीं भाग हृदयाच्या स्नायूखालून जातो. हा मनुष्य आपलें दुखणें विसरतो आणि ती एक ओळ घेऊन घरीं येतो. हा रोग आहे काय? तो मुलांना होईल काय? मुलीच्या सोयरिकीच्या वेळीं ही गोष्ट सांगावी काय? त्या रात्रीं घरांत कोणालाच झोंप लागत नाहीं.

गृहस्थ कल्पित आहे. ही ओळ मात्र कल्पित नाहीं. हृदय पाहण्याचें नवें साधन निघालें कीं, न शोधलेल्या गोष्टी सांपडतात आणि त्यांचा अर्थ कळण्यापूर्वींच त्यांची भीति पसरते, असें गेलीं दोनशें वर्षें घडत आलें आहे.

१८१६ सालीं पॅरिसमध्यें लेनेक या वैद्यानें छातीचा आवाज ऐकण्यासाठीं नळी योजिली. हीच आजच्या स्टेथॉस्कोपची मूळ आवृत्ति. डॉक्टरांच्या कानांना आतां हृदयांतील निरनिराळे नाद ऐकूं येऊं लागले. निरोगी दिसणाऱ्या माणसांतही एखादी घरघर किंवा चुकलेला ठोका आढळे, आणि मग त्या बिचाऱ्याला अंथरुणावर निजवून ठेवीत, धांवणें-खेळणें बंद करीत. नाद खरा होता, पण त्याचा अर्थ कोणास ठाऊक नव्हता.

तो अर्थ शोधणारा मनुष्य राजधानींतील मोठ्या इस्पितळांतून आला नाहीं. जेम्स मॅकेन्झी हा इंग्लंडांतील बर्न्ली नांवाच्या कापडगिरण्यांच्या गांवीं साधा कुटुंबवैद्य होता. तेथें त्यानें पंचवीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय केला. नाडीचे ठोके कागदावर उमटविणारें यंत्र त्यानें सिद्ध केलें; परंतु त्याचें खरें साधन निराळेंच होतें. ज्याच्या हृदयाचा ठोका चुके, त्याच मनुष्याला तो दहा, पंधरा, वीस वर्षांनीं पुन्हां पाही. त्यांतून त्याला दिसून आलें कीं, अवेळीं पडणारे पुष्कळसे ठोके निरुपद्रवी असतात, आणि कांहीं प्रकारची अनियमितता मात्र खरोखर गंभीर असते. १९०८ सालीं त्याचा हृदयरोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धांत हृदय बिघडलें म्हणून सैनिकांना मोठ्या संख्येनें परत पाठविण्यांत येत होतें, तेव्हां मॅकेन्झी व टॉमस लुईस यांनीं दाखवून दिलें कीं, त्यांतील बहुतेकांचीं हृदयें निकोप होतीं.

कानानंतर डोळ्याची पाळी आली. १८९५ सालीं राँटजेनला क्ष-किरण सांपडले. पण त्यांत हृदयाची केवळ बाह्य सावली दिसे. १९५८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स हे एका रोग्याच्या महारोहिणींत औषध सोडीत असतां नळी सरकून उजव्या कॉरोनरींत शिरली. आतां हृदय बंद पडणार असें वाटलें. तें क्षणभर थांबलें, आणि पुन्हां चालूं झालें. या अपघातांतूनच कॉरोनरींचें स्वतंत्र चित्रण सुरू झालें. पुढें १९७१ सालीं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रानें लंडनला एका रुग्णाचा मेंदू प्रथम पाहिला. परंतु मेंदू स्थिर असतो, हृदय क्षणभरही स्वस्थ बसत नाहीं. हृदयाच्या तालाशीं जुळवून एका वेळीं चौसष्ट काप घेणारीं यंत्रें २००४ च्या सुमारास आलीं, तेव्हां कोठें जिवंत मनुष्याच्या कॉरोनरी, नळी आंत न घालतां, स्पष्ट दिसूं लागल्या.

आतां वसमतच्या त्या ओळीकडे वळूं. रोहिणीवर आडव्या गेलेल्या स्नायूच्या पट्ट्याला स्नायूसेतु म्हणतां येईल. जर्मनींत रेमन यानें १७३७ सालींच त्याचें वर्णन केलें होतें. १९५१ सालीं गायरिंगर यानें शंभर शवविच्छेदनांत तेवीस ठिकाणीं तो पाहिला. २०१८ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यांत शवविच्छेदनांत शेंकडा सुमारें बेचाळीस, सी.टी. मध्यें बावीस आणि नळीनें केलेल्या चित्रणांत अवघा सहा असें प्रमाण निघालें. माणसांचीं हृदयें बदललीं नाहींत, पाहण्याचें साधन बदललें. नळीच्या चित्रणांत रोहिणीची फक्त आंतली पोकळी दिसते, सी.टी. मध्यें भोंवतालचा स्नायूही दिसतो, आणि शस्त्राखालीं पातळ तंतूही लपत नाहीं. म्हणजे जी गोष्ट शंभरांतल्या पंचवीस-तीस माणसांत असूं शकते आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीं, तिला केवळ दिसली म्हणून रोग म्हणतां येत नाहीं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याचें तसेंच आहे. गर्भावस्थेंतील त्याची खिडकी जन्मानंतर मिटते. पण अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ९६५ शवविच्छेदनांपैकीं शेंकडा सत्तावीस ठिकाणीं ती पुरती मिटलेली नव्हती.

परंतु यावरून सर्वच आगंतुक गोष्टी निरुपद्रवी असें समजणें ही दुसऱ्या टोकाची चूक होय. डावी कॉरोनरी कधीं कधीं भलत्याच बाजूनें निघते आणि महारोहिणी व फुफ्फुसाची रोहिणी यांच्या मधून जाते. असा तरुण धांवतांना अकस्मात् मृत्यु पावूं शकतो. उलट, एखादी शाखा महारोहिणीच्या मागून गेली तर तिच्यापासून सहसा अपाय नसतो. अमेरिकेचा विख्यात बास्केटबॉलपटु पीट मॅरॅविच १९८८ सालीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं खेळतांना कोसळला. त्याला डावी कॉरोनरी नव्हतीच, हें मृत्यूनंतर कळलें. त्याच्या काळीं आजचें यंत्र असतें तर हें आधीं दिसलें असतें.

म्हणून अहवाल हातीं आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावे. या ओळीनें माझ्या दुखण्याचा उलगडा होतो काय? रक्ताच्या प्रवाहाला यामुळें अडथळा येतो काय? आणि पुन्हां केव्हां दाखवावें? नुसत्या भीतीपोटीं पुन्हां पुन्हां स्कॅन करूं नये, कारण त्यांत किरणांची व औषधाची मात्रा शरीराला सोसावी लागते. आणि जुना अहवाल फेंकून देऊं नये, तो जपून ठेवावा.

निजामाच्या राज्यांतून १९४८ सालीं सुटलेल्या मराठवाड्याला पहिलें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस १९५६ सालीं मिळालें, नांदेडला १९८८ सालीं, आणि वसमत ज्या जिल्ह्यांत आहे त्या हिंगोलीला २०२४ सालीं. यंत्रें हळूहळू जवळ येत आहेत आणि त्यांच्याबरोबर अशा ओळीही घरोघर येतील. त्यांचा अर्थ सांगण्यास मात्र त्या गृहस्थाला वर्षानुवर्षें ओळखणारा, त्याचा बाप कशानें गेला हें जाणणारा वसमतचाच डॉक्टर लागेल. बर्न्लीच्या वैद्यानें हेंच काम केलें होतें. त्या गृहस्थानें अहवाल घेऊन प्रथम आपल्या डॉक्टरांकडे जावें, आणि सोयरिकीचा विचार त्यानंतर करावा.