मनाचा घाव आणि डोळ्यांची हालचाल

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांच्या आसऱ्याला मानेसर लागते. कारखान्यांनी गजबजलेल्या या गावात दोन संस्था आहेत. एक राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे शिक्षणकेंद्र. दुसरी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र. हे केंद्र १९९९ साली स्थापन झाले आणि १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. एका संस्थेत माणसाला भयाच्या तोंडात शिरण्याचे शिक्षण मिळते. दुसरीत, भय आणि स्मृती जेथे घडतात त्या मेंदूचा अभ्यास चालतो. भय भोगून परतलेल्या माणसाच्या मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे.

महाराष्ट्राला मानेसरचे नाव परिचित झाले ते नोव्हेंबर २००८ मध्ये. २६ तारखेच्या रात्री मुंबईवर हल्ला झाला आणि मानेसरहून सुमारे दोनशे कमांडो विमानाने मुंबईस पोहोचले. ताजमहाल, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथील झुंज २९ तारखेच्या सकाळी संपली. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंग बिश्त हे दोघे त्यात कामी आले. मृतांची गणती झाली, जखमींची झाली. परंतु ज्यांच्या अंगावर ओरखडाही उठला नाही आणि तरीही फटाक्याच्या आवाजाने ज्यांच्या काळजाचे पाणी होऊ लागले, त्यांची गणती कोणत्या दप्तरात करावयाची?

हा घाव नवा नाही. मानेसरच्या उत्तरेस, फारसे दूर नसलेल्या पानिपतावर १७६१ साली मराठ्यांची एक पिढी कापली गेली. ते दुःख नानासाहेब पेशव्यांना सोसले नाही. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पर्वतीवर त्यांचा अंत झाला. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचे मरण अखेरपर्यंत मानले नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. आपल्या भाषेत तर ‘पानिपत’ हा शब्दच सर्वनाशाचा पर्याय होऊन बसला. पूर्वजांना घाव ठाऊक होता. त्यावर काळाखेरीज वैद्य मात्र ठाऊक नव्हता.

पाश्चात्त्य वैद्यकानेही हा घाव ओळखण्यास विलंबच लावला. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिक थरथरू लागले, मुके झाले. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली या अवस्थेवर लेख लिहिला आणि तोफगोळ्यांच्या हादऱ्यावरून पडलेले तिचे नाव रूढ झाले. तथापि त्याच युद्धात पलायन व भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सेनेने तीनशेहून अधिक शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांना क्षमा मिळाली ती २००६ साली. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आघातोत्तर तणावविकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. ज्याला भ्याडपणा म्हटले गेले होते, ती व्याधी ठरली.

यानंतर सात वर्षांनी कॅलिफोर्नियातील एका उद्यानात फ्रान्सिन शपिरो नावाची मानसशास्त्राची विद्यार्थिनी फेरफटका मारीत होती. मनात घोळणारे त्रासदायक विचार एकाएकी सौम्य झाल्याचे तिला जाणवले, आणि त्या वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे फिरत होते हेही तिच्या ध्यानी आले. या योगायोगाची तिने परीक्षा घेतली आणि १९८९ मध्ये बावीस व्यक्तींवरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. ई.एम.डी.आर. या नावाने ओळखली जाणारी उपचारपद्धती तीच होय.

कृती दिसावयास अगदी साधी. रुग्ण त्या भीषण प्रसंगातील एखादे चित्र मनापुढे आणतो. उपचारक आपले बोट त्याच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे हलवितो आणि रुग्ण नजरेने त्याचा पाठलाग करतो. थोड्या वेळाने थांबून ‘आता काय जाणवते?’ एवढेच विचारले जाते. मात्र यापूर्वी रुग्णाचा पूर्ववृत्तांत जाणून घेणे आणि मन स्थिर ठेवण्याचे उपाय त्याला शिकविणे आवश्यक असते. उपचाराच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. बोट हलविणे हा त्यांतील एक भाग. आठवण पुसणे हा हेतू नव्हे. ती आठवावी, पण तिने पुन्हा जाळू नये, एवढीच अपेक्षा.

या पद्धतीवर टीकाही कडक झाली. १९९९ साली रिचर्ड मॅकनॅली यांनी तिची तुलना अठराव्या शतकातील मेस्मरच्या चुंबकविद्येशी केली. गुण येतो तो आठवणीला धीराने सामोरे गेल्याने, डोळे फिरविणे हा केवळ देखावा, असे आक्षेपकांचे म्हणणे. उलट पक्षाचे मत असे, की नजरेने बोटाचा पाठलाग करताना मनाची तात्पुरती स्मरणशक्ती गुंतून पडते आणि मनातले चित्र फिके होते. २०१९ मध्ये कोरियातील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. डावी-उजवीकडे सरकणारा प्रकाश दाखविल्याने उंदरांची भीती टिकाऊपणे उणावते आणि त्यामागे मेंदूतील एक विशिष्ट मार्ग आहे, असे त्यांना आढळले. तरीही वाद मिटला आहे असे म्हणता येत नाही. गुणाविषयी मात्र मत पुष्कळ स्थिरावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या व्याधीसाठी शिफारस केलेल्या उपचारांत ही पद्धती आहे.

महाराष्ट्राला या विद्येची निकड ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळून चुकली होती. गणपती पोहोचवून निजलेली किल्लारी आणि आसपासची गावे चार वाजण्याच्या सुमारास जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. महिन्याभराने तपासलेल्या वाचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मनोविकार आढळला. पत्र्याच्या निवाऱ्यांची सोय झाली, धान्य आले. पण छपराखाली निजण्याचेच ज्याला भय, त्याला नव्या घराचा काय उपयोग? २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातेतील आपद्ग्रस्तांसाठी या नेत्रचलन पद्धतीचा उपयोग करण्यात आला. किल्लारी आणि भुज यांच्यामध्ये सात वर्षांहून थोडे अधिक अंतर आहे. तेवढ्या काळात मनाच्या घावालाही मलमपट्टी लागते, हे मानण्यापर्यंत आपली मजल गेली.

उपचारक हवा तो शिकलेला. अर्धवट ज्ञानाने उघडलेली जखम अधिक चिघळते. आणि रुग्णाने आधी आपल्याला जखम आहे हे बोलून दाखविले पाहिजे. हीच पायरी सर्वांत अवघड. गणवेषातील शिपायाला ती अधिकच अवघड जाते, कारण भय न वाटणे हाच त्याचा धर्म, अशी इतरांची समजूत असते. खंदकातल्या त्या तीनशेंच्या वाट्याला जे आले, ते याच समजुतीमुळे. ती दूर करण्यास ना बोट हलवावे लागते, ना नजर. समोरच्याचे शांतपणे ऐकून घ्यावे लागते.